भिंतीपलीकडचा संचा

संचा चालू होता.

एकच होता, आणि जवळच. वेदीमागच्या भिंतीपलीकडे असावा. भटू झाडू हातात धरून रिकाम्या ख्रिस्ती देवळाच्या मधोमध थबकला. धोटा डावीकडे साफ जात होता, परत येताना मात्र जरा अडखळत होता. म्हणजे पट्टा सैल पडलाय, किंवा तेल कमी आहे, किंवा चालवणारा नवखा आहे आणि त्याला हे दोन्ही कळत नाही. उभा जन्म उधन्याच्या खात्यांमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं मांडलेल्या पावरलूमवर, म्हणजे संच्यांवर, काढलेल्या माणसाला एवढं कळायला भिंतीपलीकडे जावं लागत नाही. तरी तो गेला. झाडू बाकावर ठेवला, भिंतीपाशी जाऊन तळवा लावला. संचा चालू असेल तर भिंत सांगते. दोन घरं सोडून चालू असला तरी सांगते. ही भिंत गार होती. गोऱ्या साहेबांच्या काळातली, चुन्याची, हातभर जाड, आणि तिच्यात काहीही हलत नव्हतं. कान म्हणत होता, चालू आहे. तळवा म्हणत होता, काही नाही. भटूनं दुसराही तळवा लावून पाहिला, जसा काही पहिला खोटं बोलत होता. मग बाहेर पडून देवळाला फेरी मारली. मागे पाण्याची टाकी, टाकीवर मांजर, पलीकडे शाळेची भिंत, शाळेला सुट्टी. आवाज त्याच्याबरोबर फिरला. टाकीपाशी तेवढाच, चिंचेखाली तेवढाच. रस्त्यावर रिक्षा-टेम्पोंच्या गोंगाटात विरला, आणि आत येऊन दार लोटलं की पुन्हा तिथेच, वेदीमागे, ओढून ओढून, खटाक् आणि मग जरा उशिरानं, खट.

किल्ली त्याच्या खिशात होती. मोठी, लोखंडी, चालताना मांडीवर आपटणारी. ती आपटली की बरं वाटायचं.

हे देऊळ रेल्वेच्या ख्रिस्ती लोकांनी बांधलेलं. त्यांच्या नोकऱ्या संपल्या, मुलं वडोदऱ्याला, कॅनडाला गेली, उरलेली मंडळी शहरातल्या मोठ्या देवळात जायला लागली. मग कुलूप. मग कोणा व्यापाऱ्यानं त्यात कोऱ्या कापडाचे तागे भरले, ते छतापर्यंत गेले, आणि मग परत कुलूप. शेवटी ट्रस्टनं इमारत वस्तीतल्या खानदेशी मंडळाला दिली: वाचनालय करा, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करा, पोरांना अभ्यासाला जागा द्या. अट एकच, पूजा कोणाचीच नको. मंडळानं मान डोलावली, कारण वस्तीत कानबाई देवीवाले होते तसे बुद्धविहारवालेही होते आणि जागेची गरज दोघांना सारखीच होती. राखणीला कोण, तर भटूनाना. रिकामे आहेत, सरळ आहेत, दारू पीत नाहीत. असं सगळं सभेत ठरलं म्हणे. भटू त्या सभेत होताच. मागच्या रांगेत बसून तो योग्य ठिकाणी मान हलवत होता, आणि लोक त्याच्याकडे वळून हसल्यावर त्याला समजलं की आपलं काहीतरी चांगलं झालंय.

मान हलवणं ही कारागिरी आहे. फार लवकर हलवायची नाही, फार उशिरा तर नाहीच. समोरच्याच्या भुवया बघायच्या. भुवया वर गेल्या तर प्रश्न आहे, मग “बघू” म्हणायचं. बघू हे कुठल्याही प्रश्नाला चालतं. भुवया खाली आल्या तर दुःख आहे, मग जिभेनं च्च करायचं. खात्यात याची गरज नव्हती. तिथे सगळेच ओठांनी बोलत. तोंड मोठं उघडायचं, आवाज काढायचाच नाही, कारण काढून उपयोग काय. संच्यांच्या चार रांगा ओलांडून प्रमिलाबाई, जी बॉबिनी भरायची, नुसत्या ओठांनी विचारायची, डब्यात काय? आणि तो सांगायचा, शेवभाजी. शेठ मध्ये उभा असला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. त्या तेवढ्या गोंगाटात भटूइतकं कोणाला ऐकू येत नव्हतं. बाहेर मात्र माणसं ओठांची कदर करत नाहीत. तोंड फिरवून बोलतात, घास तोंडात धरून बोलतात. मंडळाचा सेक्रेटरी लखन, कापड मार्केटमधला तरणाबांड गडी, त्यानं तर अशी मिशी ठेवलीय की वरचा ओठ कायमचा पडद्यात.

एस्तेरबेन आली. ती या देवळाची शेवटची माणूस. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त, पांढरी साडी, हातात छत्री, ऊन असो नसो. रोज येऊन एका बाकावर बसायची. प्रार्थना करते म्हणावं तर डोळे उघडे असायचे. तिनं दारातूनच काहीतरी म्हटलं.

“भटूभाई, …… बारी …… खोलजो, …… कबूतर ……”

बारी म्हणजे खिडकी. खिडकी आणि कबूतर. भटूनं जोड लावली, मान हलवली आणि खिडकी बंद केली. एस्तेरबेननं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग स्वतः जाऊन ती उघडली. एक कबूतर आतून बाहेर गेलं. त्याला विचारायचं नव्हतं, पण विचारलं:

“बेन, इथं मागं कोणी संचा टाकलाय का?”

“संचो?” ती जवळ आली. अगदी समोर, तोंड उजेडाकडे करून, सावकाश म्हणाली, “ना रे भाई. अहीं क्यां संचो?”

प्रत्येक अक्षर त्याला मिळालं. आणि तिनं ते तसं मुद्दाम दिलं, हेही त्याला मिळालं.

गावाकडचा बहिरा लोटूकाका हसायचा. गावात, लग्नात, चपलांच्या ढिगाशेजारी त्याला बसवायचे, आणि त्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल काहीबाही बोलायचे, बोलणारे हसायचे म्हणून तोही हसायचा. त्याच्या हातात कोणी बैलाचा कासरा देत नसे, पोर देत नसे, निरोप देत नसे. वाईट कोणी वागत नव्हतं. जेवायला आधी वाढायचे. पण लोटूकाका एक बसायची वस्तू होता, आणि त्या हसण्याचा एक आकार होता, खालचा ओठ जरा पुढे, डोळे भिरभिरते. परवा दाढी करताना आरशात भटूला तो आकार दिसला. त्यानं साबण पुसला, तरी दिसला. आता त्यात हा संचा. बहिरं होणं एक वेळ समजू शकतं, कमी होत जातं, दिव्यातलं तेल जातं तसं. पण नसलेलं ऐकू यायला लागलं तर ते बहिरेपण नव्हे, ते दुसरं काहीतरी, त्याचं नाव घरात काढत नाहीत. मुलगा योगेंद्र तान्हा होता तेव्हा ते खात्याला लागूनच राहायचे, भिंतीला भिंत, आणि पोर संच्यांच्या दणदणाटात गाढ झोपायचं. लाइट गेली, खातं थांबलं, की दचकून उठायचं आणि रडायचं. अख्ख्या चाळीतली पोरं एकदम रडायची. बाया म्हणायच्या, “निज रे भो, येई आते लाइट.” लाइट यायची, खातं दणाणायचं, पोरं झोपायची. शांततेची भीती वाटणारी पोरं. भटूला तेव्हा हसू यायचं. आता या देवळात, जिथे छत उंच आणि भिंती जाड आणि रस्ता दूर, तिथे आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शांतता त्याच्या वाट्याला आली होती, आणि ती अशी

चालू.

त्यानं लखनला सांगितलं. नव्हतं सांगायचं, पण कोणी पठ्ठ्या चोरून लूम चालवत असेल, उद्या आग लागली तर नाव मंडळाचं, असं त्यानं स्वतःला पटवलं. लखन शेजारीपाजारी विचारून आला, मिशीतून हसत.

“नाना, तुम्ही रिटायर झाले, तुमचा संचा नाही झाला.”

हे त्यानं मोठ्यानं म्हटलं, कारण लखन सगळंच मोठ्यानं म्हणतो. आजूबाजूचे हसले. भटूही हसला, आणि हसता हसता खालचा ओठ त्यानं आत ओढून घेतला. मग लखन भिंतीवरच्या लाकडी पाटीकडे वळला. प्रार्थनेत कुठलं गीत म्हणायचं त्याचे आकडे लावायची ती पाटी. शेवटच्या रविवारचे आकडे तसेच राहिले होते. “आणि हे आकडे काढा बरं, नाना. गल्लीतले तीन जण मटक्यावर लावून बसलेत. एकाचा लागला, तो आता रोज येऊन नमस्कार करतो. पूजा नको म्हणून लिहून दिलंय आपण.”

आणि मग ते झालं. संध्याकाळी, ऊन चिंचेवरून उतरत असताना, त्यानं खिडक्या लावल्या, दार ओढलं, किल्ली फिरवली, आणि पायरीवर बसून तंबाखू मळली. पाठ दाराला. आतमध्ये खांबाआड एस्तेरबेन बसली होती. तिनं हाक मारली, दार वाजवलं, छत्रीच्या मुठीनं वाजवलं. तो पायरीवर बसून तंबाखू मळत होता आणि त्याच्या कानात संचा चालला होता, ओढून ओढून, आणि तो विचार करत होता की पट्टा बदलला पाहिजे. मग उठून घरी गेला. लखन वाचनालयाच्या उद्घाटनाची कनात बघायला आला म्हणून तिची सुटका झाली. “मजा आवी,” ती म्हणाली म्हणे, “घणा वखते एकली बेठी.” फार दिवसांनी एकटं बसायला मिळालं, असं. पण लखन हसला नाही. तो रात्रीच्या जेवणाआधी घरी आला, मिशी हातानं वर धरून बोलला, आणि त्यामुळे भटूला जवळजवळ सगळं समजलं.

“नाना, राग मानू नका. …… म्हातारं माणूस आत …… काही झालं असतं तर? रविवारी उद्घाटन होऊ द्या. मग किल्ली माझ्याकडे द्या. तुम्ही आपलं यायचं, बसायचं. खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी.”

खुर्ची. चपलांच्या ढिगाशेजारी.

योगेंद्र हजिऱ्याला प्लांटमध्ये आहे, तिथे कानात बोंडं घालून काम करतात आणि दर वर्षी कान तपासतात. तो बऱ्याच दिवसांपासून म्हणतोय, नाना, डॉक्टरकडे जाऊ. सून हर्षदा बोलण्याआधी त्याच्या बाहीला हात लावते. ती नवी आली तेव्हापासूनच लावते, म्हणजे तिला तेव्हापासूनच माहीत आहे. त्या रात्री हर्षदानं भाकरी वाढली, बाहीला हात लावला, आणि नुसतीच मान हलवली. भटूनं पानाकडे बघत म्हटलं, “बघू.”

रविवारी सकाळपासून त्यानं देऊळ पुसलं. बाक पुसताना त्याला वाटत होतं, हे शेवटचं. खांब, खिडकीचे कोयंडे, आकड्यांची पाटी, सगळं ओल्या फडक्यानं, जसं ताण्याचा बीम उतरवल्यावर संचा पुसतात. तागे ठेवलेले असतानाचा धागा अजून फटींमधून निघत होता. पूर्वी वेदी होती तिथे पुस्तकांची दोन कपाटं आली होती. दुपार कलली तशी माणसं आली. उधन्याची, लिंबायतची, कोसाडहून टेम्पो भरून. बाया नव्या साड्यांत, म्हातारे टोप्यांत. चपला पायऱ्यांवर. भटू दारात उभा, किल्ली खिशात, हात किल्लीवर. एस्तेरबेनला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती वळून त्याच्याकडे बघून हसली, आणि ते हसणं वाईट नव्हतं, म्हणूनच त्याला तिच्याकडे बघवेना.

कार्यक्रम सुरू झाला आणि कोणालाच काही समजेना. गंमत अशी की खात्यातली माणसं मोठ्यानंच बोलतात, चौघं बसली तरी भांडण लागलंय असं वाटतं. आणि हे देऊळ अशा लोकांसाठी बांधलेलं की जे हळू बोलतात. त्यात माइक. अध्यक्षांचा प्रत्येक शब्द छताला जाऊन परत यायचा तेव्हा खालून दुसरा निघालेला असायचा, दोघांची टक्कर व्हायची. तरण्या पोरांनी कानांवर हात ठेवले. भटूला मात्र काही वेगळं वाटलं नाही. त्याला जग रोज असंच ऐकू येतं. त्यानं दारातून सगळ्यांच्या पाठी बघितल्या, आणि त्या पाठी योग्य ठिकाणी मान हलवत होत्या. म्हाताऱ्या पाठी. फार लवकर नाही, फार उशिरा नाही. त्यानं नीट पाहिलं. पोरं वैतागली होती, बायका पदर सावरत होत्या, पण त्याच्या वयाच्या त्या सगळ्या माना, ओळीनं, एका लयीत, कारागिरी करत होत्या. त्याला हे बघून नीट काही समजायच्या आत अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले, पंखे फिरत होते, दिवे होते, माइक होता, कोणीतरी सरबताचा मिक्सर लावला होता, आणि अध्यक्ष म्हणाले की आपल्या या समाजानं आजवर

गेली.

लाइट. मुख्य फ्यूजच उडाला. माइक गेला, पंखे गेले, मिक्सर गेला, अध्यक्षांचे हात वरच राहिले. जाड भिंती, उंच छत, रस्ता दूर. एवढी माणसं आणि एवढी शांतता, आणि त्या शांततेत, अर्थातच, वेदीमागे, पट्टा सैल पडलेला. भटूनं डोळे मिटले. निज रे भो, येई आते. मग उघडले.

तिसऱ्या रांगेत प्रमिलाबाई उठून उभी राहिली होती. खात्यातली प्रमिलाबाई, बॉबिनीवाली, आता पुरती पांढरी झालेली; तिला कानबाईची गाणी म्हणायला बोलावलं होतं, नुसती गाणी, मूर्ती नाही. तिनं मान तिरकी केली. मग ती रांगेतून बाहेर आली, बाजूच्या भिंतीपाशी गेली आणि तिनं तळवा लावला.

तळवा लावला.

प्रमिलाबाईनं तळवा हलवून जरा खाली लावला, मग दुसरा लावला. तिच्या मागच्या रांगेतल्या, खात्यातल्याच भिवाआबांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या शेजारच्या अंजनाबाईनं कानात करंगळी घालून हलवली. कोसाडच्या टेम्पोतून आलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघत होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर तोच चोरटा भाव होता, आपलं काहीतरी उघडं पडेल तर नाही ना, असा. प्रमिलाबाई वळली. अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा खात्याच्या आवाजात तिनं विचारलं:

“लाइट गयी ना? मंग हाऊ संचा कोन चालाडी ऱ्हायना?”

लखन म्हणाला, “कोणता संचा, मावशी?”

“हाऊ काय. भीतना मांगे.”

“मला तर काही ऐकू येत नाही.”

“तुले कसं येई? तू कधी संचावर उभा ऱ्हायना?”

कोणीतरी फसकन हसलं. आणि मग भटूनं ते केलं जे त्यानं ठरवलं नव्हतं. दारातून, रांगांच्या वरून, त्यानं तोंड मोठं उघडलं आणि आवाज न काढता विचारलं, नुसत्या ओठांनी, जसं शेवभाजीचं सांगायचा तसं: तुले बी?

प्रमिलाबाईनं त्याला पाहिलं. तिचे ओठ हलले. कवयपासून. कधीपासूनचा.

तेल कमी शे, तो ओठांनी म्हणाला.

मना तं दोन संचा शेतस, ती ओठांनी म्हणाली, दोन बोटं दाखवली, आणि हसायला लागली, पोट धरून, भिंतीला टेकून. भिवाआबा मध्येच ओठांनी काही म्हणाले, अंजनाबाईनं उत्तर दिलं, आणि बघता बघता त्या देवळात म्हाताऱ्यांचा एक बिनआवाजी गलका उसळला. हात, भुवया, उघडी तोंडं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. कोणाचा रात्री चालतो, कोणाचा फक्त उजवीकडे, कोणाच्यात शिट्टी वाजते. पोरं माना वळवून वळवून बघत होती आणि त्यांना एक शब्द पोचत नव्हता. लखन मधोमध उभा, मिशीत बोट घालून, आयुष्यात पहिल्यांदा बहिरा.

“अरे, काय चाललंय? मला कोणी सांगेल का?”

भटू त्याच्यापाशी गेला. किल्ली काढली. ती गरम झाली होती, इतका वेळ मुठीत असल्यानं.

“लखन,” तो म्हणाला, आणि हे आवाज काढून म्हणाला, “माले ऐकू येत नही.”

देवळानं ते घेतलं, छताला नेलं आणि परत आणून दिलं. नही. नही. त्याला वाटलं होतं हे वाक्य बाहेर पडलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. एक कबूतर जागा बदलून बसलं. दुसऱ्या रांगेत हर्षदानं नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

“मंग आमले तरी कोनले येस?” प्रमिलाबाई भिंतीपासून ओरडली. “लखन, बहिराले किल्ली नको, आसं म्हनस का? मंग मंडयमा कोनले देशी, सांग. तुना बापले इचार, त्याले येस का ऐकू.”

लखनचा बाप पहिल्या रांगेत होता. तो योग्य ठिकाणी मान हलवत होता.

हसणं छताला गेलं ते बराच वेळ उतरलं नाही. एस्तेरबेन उठली. ती भटूसमोर येऊन उभी राहिली, तोंड उजेडाकडे, आणि त्याची किल्लीवाली मूठ तिनं बाहेरून मिटली.

“हवे बंध करता पहेलां,” ती सावकाश म्हणाली, “मने जोई लेजो.” बंद करण्याआधी मला बघून घेत जा, असं.

“बघेन,” तो म्हणाला. बघू नाही म्हणाला.

फ्यूज कोणी लवकर बसवलाच नाही. प्रमिलाबाईच्या बायांनी माइकशिवाय गाणी म्हटली, आणि असं दिसलं की गाण्यांना हे देऊळ चालतं. एक ओळ म्हणून थांबलं की ती वर जाऊन गोल होऊन परत येते, मग दुसरी म्हणायची. घाई करायची नाही. एस्तेरबेन मान डोलावत होती आणि तिचे डोळे या वेळी मिटलेले होते. योगेंद्र मागे येऊन बापाशेजारी उभा राहिला. भटूनं त्याच्याकडे न बघताच म्हटलं, “मंगळवारी तुला सुट्टी असते ना? जाऊ डॉक्टरकडे.” योगेंद्रनं काहीतरी उत्तर दिलं. ते ऐकू आलं नाही. बाहीवर हात आला, तो कळला.

माणसं पांगली तेव्हा ऊन चिंचेच्या खोडावर होतं. भटूनं खिडक्या लावल्या. मग दारापासून सुरुवात करून तो एकेका बाकापाशी गेला, पाठीवरून तळवा फिरवत, वाकून बघत, खांबांच्या आड डोकावत. रिकामा. रिकामा. एकावर छत्री विसरलेली, ती काखेत घेतली. वेदीच्या जागी पोचला तसा पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा राहिला आणि सवयीनं हात भिंतीकडे गेला. पण लावला नाही. मागे संचा चालला होता, डावीकडे साफ, येताना अडखळत, जुन्या ओळखीच्या माणसासारखा.

“चालू दे,” भटू म्हणाला, आणि बाहेर येऊन त्यानं दार लावलं. मग पायरीवर बसला. या वेळी दाराकडे तोंड करून.